पंखा, तुंबा आणि बखर

वारशाने येणाऱ्या वस्तूंचे स्थूलमानाने दोन वर्ग पडतात: ज्यांच्यावरून भावंडांत भांडण होते अशा वस्तू पहिल्या वर्गात मोडतात, आणि ज्या 'तूच ने' म्हणून एकमेकांच्या गळ्यात घातल्या जातात त्या दुसऱ्या वर्गात. जुन्या विमानाचा लाकडी पंखा, म्हणजेच प्रोपेलर, या दोन्ही वर्गांत एकाच वेळी मोडतो. अडीच-पावणेतीन मीटर लांबीची ही वस्तू दिवाणखान्यात मावत नाही, जिन्यात वळत नाही आणि पलंगाखाली सरकत नाही. तरीही ती मोडीत काढण्याचा विषय निघाला की घरातील प्रत्येकाला आजोबांची तीव्र आठवण होते. इंग्लंड-अमेरिकेतील कित्येक घरांच्या माळ्यांवर, गॅरेजांत आणि खेड्यांतील पबांच्या भिंतींवर पहिल्या महायुद्धाच्या काळातील असे पंखे शंभर वर्षे उलटल्यावरही आढळतात, आणि प्रत्येकाबरोबर एक कथाही आढळते. पंख्याची ओळख पटवणे म्हणजे वस्तू आणि कथा यांची फारकत करणे होय. आणि कोणत्याही फारकतीप्रमाणे हीतही दोन्ही पक्षांना मनस्ताप होतो.

कथेचा साचा बहुतेक घरांत सारखाच असतो. आजोबा हवाई दलात होते; तेथे नसतील तर निदान युद्धात होते; आणि युद्धातही नसतील तर ज्याच्याकडून त्यांनी पंखा घेतला तो गृहस्थ तरी हवाई दलातील कोणाच्या तरी ओळखीचा होता. शत्रूच्या गोळ्यांनी विमान कोसळले, आजोबा त्यातून बाहेर आले, त्यांनी कपडे झटकले, आणि माणसाच्या दीडपट उंचीचा तो पंखा खांद्यावर टाकून ते खंदक, काटेरी तारा आणि इंग्लिश खाडी ओलांडून घरी परतले. एवढे अवजड लाकूड घेऊन बोटीवर चढणाऱ्या सैनिकाला एकाही अधिकाऱ्याने हटकले नाही, ही या कथेतील सर्वांत अद्भुत बाब असूनही तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही. पुढच्या पिढीत विमान पाडणारा तो शत्रू 'रेड बॅरन' होतो, म्हणजे ८० विमाने पाडल्याची नोंद नावावर असलेला जर्मन वैमानिक मान्फ्रेड फॉन रिश्टहोफेन; आणि त्याच्याही पुढच्या पिढीत पंखा थेट रिश्टहोफेनच्याच विमानाचा ठरतो. २१ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये रिश्टहोफेन मारला गेला आणि सैनिकांनी आठवण म्हणून त्याच्या विमानाचे तुकडे तोडून नेले, एवढे खरे आहे. परंतु त्या विमानाला पंखा एकच होता, आणि त्याच्या दोन पात्यांवर आज इतके वारस हक्क सांगतात की कोकणातील एखाद्या सामाईक कलमाच्या सातबाऱ्यालाही त्यांचा हेवा वाटावा.

याच कथेचे एक उपांग म्हणजे पात्यावरचा तपकिरी डाग. तो रक्ताचा आहे असे सांगून पाहुण्यांना दाखवला जातो, आणि पाहुणे चहाचा कप जरा लांब धरतात. वास्तविक त्या काळातील पुष्कळ विमानांना 'रोटरी' जातीचे इंजिन असे, म्हणजे ज्यात मधला दांडा स्थिर राहतो आणि सगळी सिलिंडरे पंख्याबरोबर गरगर फिरतात असे इंजिन. आणि त्याला वंगण म्हणून एरंडेल लागे. फिरत्या इंजिनातून उडालेले हे एरंडेल विमानाच्या अंगावर आणि वैमानिकाच्या तोंडावर सारख्याच भक्तिभावाने बसे. तेव्हा डाग जुन्या वॉर्निशचा नसलाच, तर तो शौर्यापेक्षा एरंडेलाचा असण्याचा संभव अधिक. आणि एरंडेलापुढे शौर्य किती वेळ टिकते हे मराठी वाचकाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

मराठी वाचकाला एकूण प्रकारही अपरिचित नाही. ज्या घरात गंजलेली तलवार असते ते घराणे पानिपतावर लढलेलेच असते. पानिपतावरून परतलेल्यांची संख्या आणि आज दाखवल्या जाणाऱ्या तलवारींची संख्या यांचा मेळ घालण्याच्या भानगडीत शहाणा माणूस पडत नाही. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे मात्र पडले. बखरींवर विसंबू नये, अस्सल कागद शोधावा, असा आग्रह धरून त्यांनी १८९८ पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' खंडाखंडाने प्रसिद्ध केली आणि अनेक घराण्यांच्या जेवणानंतरच्या गप्पांची गोडी कायमची घालवली. तोच न्याय पंख्यालाही लागू पडतो. आजोबांची कथा ही बखर होय. अस्सल कागद पंख्याच्या मध्यभागी असतो, आणि तो शाईने लिहिलेला नसून हातोडीने ठोकलेला असल्यामुळे वाळवीलाही सहजासहजी वाचता येत नाही.

मध्यभाग म्हणजे तुंबा. बैलगाडीच्या चाकाचे आरे ज्या जाड गाभ्यात बसवतात त्याला तुंबा म्हणतात. पंख्याची पाती ज्या जाड भागातून दोन्हीकडे निघतात आणि जो इंजिनाच्या दांड्यावर बसतो, त्यालाही हाच शब्द चपखल लागू पडतो. ओळख पटवायची असेल तर आधी तुंबा पाहावा, असे जाणकार एकमुखाने सांगतात, आणि वारसदार तेवढा सोडून बाकी सर्व काही पाहतात. जाणकाराला दाखवण्यासाठी काढलेल्या छायाचित्रात उंचीचा अंदाज यावा म्हणून उभा केलेला नातू असतो, नातवाने धरलेला कुत्रा असतो, मागे ख्रिसमसचे झाड असते, आणि तुंब्यावर बरोबर फ्लॅशचा पांढरा गोळा असतो. शिवाय पंखा भिंतीवर टांगताना शिक्क्यांची बाजू भिंतीकडे करण्याची रूढी इतकी सार्वत्रिक आहे की ती आजोबांनीच जाणूनबुजून पाडली असावी, अशी शंका येते.

तुंब्यावरील मजकूर वाचण्यापूर्वी पंखा घडतो कसा हे पाहणे सोयीचे ठरते. तो एका ओंडक्यातून कोरलेला नसतो. एकसंध लाकूड हवेतील ओल शोषून वाकते, तडकते, आणि मिनिटाला हजारावर फेरे घेत असताना तडकलेले लाकूड वैमानिकाला परवडत नाही. म्हणून अक्रोड, महोगनी, ओक किंवा बर्च यांच्या साधारण दोन-अडीच सेंटिमीटर जाडीच्या फळ्या एकीवर एक, पण पत्ते हातात पसरतात तशा किंचित फिरवून, सरस लावून दाबून चिकटवीत आणि मग रंधा व कानस यांनी त्यांतून पीळदार पाते काढीत. चिकटवलेल्या फळ्यांच्या कडा त्यामुळे पात्यावर नकाशातील उंचीच्या रेषांसारख्या वळत जातात. राइट बंधूंनी १९०३ साली आपल्या विमानाचे दोन पंखे स्प्रूस लाकडाचे थर चिकटवूनच घडवले होते. जहाजाच्या पंख्याचे गणित त्यांच्या उपयोगी पडेना, तेव्हा विमानाचा पंखा म्हणजे गोल फिरणारा पंखच होय हे त्यांनी वाद घालघालून शोधून काढले. दोघे भाऊ असल्यामुळे वादाची साधनसामग्री घरातच उपलब्ध होती. पुढे २५ जुलै १९०९ रोजी लुई ब्लेरिओने इंग्लिश खाडी विमानाने ओलांडली, तेव्हा त्याच्या विमानाला ल्युसियाँ शोव्हिएर या फ्रेंच कारागिराचा अक्रोडी पंखा होता. थोडक्यात, विमानयुगाच्या पहिल्या अध्यायाचा बराचसा भाग सुतारांनी लिहिलेला आहे, आणि सुतार आपले काम झाले की खूण ठोकून मोकळा होतो.

ही खूण वाचण्यास वस्तुतः सोपी असते. पहिल्या महायुद्धातील ब्रिटिश पंख्याच्या तुंब्यावर सामान्यतः आराखड्याचा क्रमांक, इंजिनाचे नाव व अश्वशक्ती, कित्येकदा विमानाचे नाव, आणि 'डी' व 'पी' या अक्षरांपुढे दोन आकडे असतात. 'डी' म्हणजे व्यास, अर्थात एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची लांबी. दूध पाइंटांत, कापड यार्डांत आणि जमीन एकरांत मोजणाऱ्या इंग्रजांनी हे आकडे मात्र पुष्कळदा फ्रेंच मिलिमीटरांत ठोकले. जमीन आपली असली तरी हवा फ्रेंचांची आहे, याची एवढी स्पष्ट कबुली त्यांनी दुसरीकडे क्वचितच दिली असेल. वारसदाराला हे ठाऊक नसल्यामुळे 'डी २७४०' हा त्याला आजोबांचा सैनिकी क्रमांक, गुप्त मोहिमेचा संकेत किंवा बँकेतील विस्मृत खात्याचा आकडा वाटतो, आणि टेप लावून पाहिल्यावर ती पंख्याचीच लांबी निघाली की त्याचा चेहरा पडतो.

'पी' म्हणजे पिच. मराठीत त्याला 'पेच' म्हटले तर उच्चारही फारसा बिघडत नाही आणि अर्थ अधिक खुलतो. स्क्रू लाकडात एक फेरा फिरला की जेवढा पुढे सरकतो तेवढा त्याचा पेच. त्याच न्यायाने पंखा हवेत एका फेऱ्यात जेवढा पुढे जायला हवा तेवढा पंख्याचा पेच. ब्रिटिश लोक या वस्तूला 'एअरस्क्रू', म्हणजे हवेतला स्क्रू, म्हणत ते यामुळेच. हवा लाकडाइतकी घट्ट नसल्यामुळे प्रत्यक्षात पंखा थोडा घसरतो आणि कागदावरच्या आकड्याइतका पुढे जात नाही; अर्थसंकल्पाशी परिचय असलेल्या वाचकाला यात नवल वाटू नये. याशिवाय 'एल. एच.' किंवा 'आर. एच.' अशी दोन अक्षरे असतात. त्यांचा अर्थ डावा किंवा उजवा एवढाच: वैमानिकाच्या जागेवरून पाहता पंखा घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरत असेल तर तो उजवा, उलट फिरत असेल तर डावा. या दोन अक्षरांकडे पुन्हा वळावे लागणार आहे.

शिक्क्यांइतकीच बोलकी असतात ती भोके. तुंब्याच्या मधोमध इंजिनाच्या दांड्यासाठी एक मोठे भोक असते आणि त्याभोवती बोल्टांची, बहुधा आठ, लहान भोके असतात. पंखा इंजिनावर बसवताना त्याच्या दोन्ही बाजूंना लोखंडी तबकड्या ठेवून बोल्ट करकचून आवळत, त्यामुळे लाकडावर तबकडीचा गोल वळ उठे. अंगठी वर्षानुवर्षे घातलेल्या बोटावर उठतो तसाच. टॉर्चचा उजेड तिरपा पाडला की हा वळ स्वच्छ दिसतो. दिसला नाही, तर पंखा इंजिनावर कधी चढलाच नाही असे समजावे. पात्याच्या टोकाला आणि पुढच्या धारेला पितळी पत्रा मढवलेला असेल तर तो शोभेसाठी नव्हे. २.७ मीटर व्यासाचा पंखा मिनिटाला १,३०० फेरे घेत असेल, तर त्याचे टोक ताशी सुमारे ६६० किलोमीटर वेगाने फिरते, आणि त्या वेगाला पावसाचा थेंबसुद्धा पटाशीसारखा लागतो. पत्र्याच्या अगदी टोकाला टाचणीच्या डोक्याएवढी भोके असतात. लाकडात मुरलेली ओल गरगरण्याच्या जोराने त्यांतून बाहेर फेकली जावी म्हणून ती पाडलेली असतात. घरोघर ही भोके मशीनगनच्या गोळ्यांची म्हणून दाखवली जातात. मशीनगनची गोळी एवढी बारीक असती तर पहिले महायुद्ध डासांच्या जाळीनेही थोपवता आले असते.

काही तुंब्यांवरचा मजकूर मराठी वाचकाला विशेष चकित करील. जर्मनीत पंखे बनवणारे अनेक कारखाने होते आणि त्यांपैकी बर्लिनच्या एका कारखान्याने स्वतःचे नाव 'गरुड' ठेवले होते. पाडलेल्या जर्मन विमानांचे पंखे विजयचिन्ह म्हणून इंग्लंडात नेले जात. त्यामुळे एखाद्या इंग्रजी खेड्यातील शेकोटीच्या वर विष्णूचे वाहन रोमन लिपीत विराजमान झालेले आढळू शकते, आणि घरमालकाला तो शब्द कोणा जर्मन सरदाराचा वाटत असतो. मात्र यावरून जर्मनांना विमानविद्या कोठून मिळाली याविषयी घाईने निष्कर्ष काढू इच्छिणाऱ्याने त्याच तुंब्यावर खाली बहुधा 'मर्सिडीज' असे इंजिनाचे नावही ठोकलेले असते, ते वाचून घ्यावे आणि क्षणभर थांबावे.

प्रत्येक लाकडी पंखा विमानाचाच असतो असेही नाही. १९३० च्या दशकात अमेरिकेतील वीज नसलेल्या शेतघरांवर रेडिओची बॅटरी भारण्यासाठी लहान पवनचक्क्या बसवत, आणि त्यांची लाकडी पाती दिसायला थेट विमानाच्या पंख्यासारखी असतात. फरक पात्याच्या फुगीर बाजूत असतो. विमानाच्या पंख्याची फुगीर बाजू पुढे, ज्या दिशेला विमान जाते तिकडे असते, तर पवनचक्कीची फुगीर बाजू वाऱ्याकडे पाठ करून असते. कारण एक हवेला ढकलतो आणि दुसरी हवेकडून ढकलून घेते. ज्या आजोबांनी शत्रूशी झुंज दिल्याचे तीन पिढ्या ऐकले, त्यांनी प्रत्यक्षात बातम्या ऐकण्याची सोय केली होती, हे कळल्यावर होणारे दुःख मोठे असते. याहून खालच्या पायरीवर असतात ते उपाहारगृहांच्या सजावटीसाठी बनवलेले पंखे. त्यांना बोल्टांची भोके नसतात, आणि कधी कधी त्यांची दोन पाती परस्परविरुद्ध पिळलेली असतात, म्हणजे असा पंखा इंजिनाला लावला तर एक पाते विमानाला पुढे आणि दुसरे मागे ओढील. संयुक्त सरकारांत ही रचना चालून जाते. विमानात चालत नाही. नकली तुंब्याची आणखी एक खूण म्हणजे अतिरिक्त माहिती. त्यावर सन, युद्ध, प्रसिद्ध वैमानिकाचे नाव असे सगळे ठळक अक्षरांत असते. खऱ्या कारागिराला आपण इतिहास घडवत आहोत याची कल्पना नसल्यामुळे तो मिलिमीटर ठोकून जेवायला गेलेला असतो. चार्ल्स लिंडबर्गचे नाव असलेल्या लाकडी पंख्याबाबत तर तुंबा पाहण्याचेही श्रम नकोत, कारण १९२७ साली अटलांटिक ओलांडणाऱ्या त्याच्या विमानाचा पंखा धातूचा होता.

इतके सर्व तपासल्यावर अस्सल ठरलेल्या पंख्याविषयीही एक अडचण उरतेच, आणि ती तर्कशास्त्राची आहे. वारसदाराला पंखा युद्धात लढलेलाही हवा असतो आणि अखंडही हवा असतो. विमान नाकावर आपटले की सर्वांत आधी जमिनीला लागतो तो पंखा. लाकूडच ते, त्याच्या चिरफळ्या होतात. मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर सॉपविथ डॉल्फिन जातीच्या विमानातून फ्रान्सच्या आकाशात लढले आणि ३० जून १९१८ रोजी मरण पावले. कलकत्त्याच्या इंद्रलाल रॉय यांच्या नावावर त्याच्याच पुढच्या महिन्यात दहा विजयांची नोंद झाली आणि २२ जुलैला तेही गेले. अशा विमानांचे पंखे दिवाणखान्यात येत नाहीत. ज्या शेतात ते पडतात त्या शेतातच संपतात. याउलट भिंतीवर जो पंखा शंभर वर्षांनंतरही दोन्ही पात्यांनिशी सुखरूप आहे, त्याचे सुखरूप असणे हाच त्याच्या निरुपद्रवी आयुष्याचा पुरावा होय.

असे सुखरूप पंखे मुबलक का आहेत याचे कारणही सरळ आहे. पंखे वरचेवर मोडतात हे ठाऊक असल्यामुळे ते विमानांच्या संख्येपेक्षा कितीतरी अधिक बनवले गेले. खुर्च्या-कपाटे करणारे कारखाने या कामाला जुंपले गेले. आणि ११ नोव्हेंबर १९१८ रोजी युद्ध अचानक थांबले तेव्हा, लग्न मोडल्यावर बुंदी उरावी तसे, हजारो पंखे गोदामांत उरले. अमेरिकेत कर्टिस कंपनीच्या 'जेनी' या विमानाचे ६,००० हून अधिक नग बांधले गेले होते. ते शिकाऊ वैमानिकांचे विमान, त्याला ९० अश्वशक्तीचे 'ओएक्स-५' इंजिन, आणि आघाडीवर ते कधी लढलेच नाही. परंतु अमेरिकी माळ्यावरून खाली उतरवलेल्या पंख्याच्या तुंब्यावर 'ओएक्स-५' हीच अक्षरे निघण्याचा संभव बराच असतो. उरलेल्या मालाला गिऱ्हाईक मिळेना, तेव्हा तुंब्याच्या भोकात घड्याळ बसवून किंवा पाते कापून आरशाची चौकट करून तो विकला गेला. ज्या वस्तूचे टोक ताशी ६६० किलोमीटरने फिरायचे, तिच्या पोटात ताशी एक घर सरकणारा काटा बसवण्यात जी विनोदबुद्धी आहे ती अजाणता घडलेली असावी.

ओळख पटवण्याच्या मार्गातील शेवटचा आणि सर्वांत उत्साही शत्रू म्हणजे घरातील हौशी जावई. त्याला जुने वॉर्निश मळकट वाटते, म्हणून तो रविवारी पॉलिशपेपर घेऊन बसतो. संध्याकाळपर्यंत पंखा आरशासारखा लखलखतो आणि तुंब्यावरील मजकूर, व्यास, पेच आणि तपासनिसाच्या शिक्क्यासह, भुशात मिसळून अंगणात उडालेला असतो. अशा पंख्याचा अस्सल कागद नष्ट झाल्यामुळे त्यापुढे केवळ बखरच प्रमाण मानावी लागते. कुटुंबाच्या दृष्टीने हा अपघात फारसा दुःखद नसतो.

परंतु शिक्के शाबूत राहिले आणि जाणकाराने ते वाचून दाखवले, तरी बखर हरतेच असे नाही. पंखा शिकाऊ विमानाचा होता, त्याच्यावर तबकडीचा वळ नाही, म्हणजे तो इंजिनावर कधी चढलाच नाही, हे ऐकून घरात काही क्षण शांतता पसरते. मग सर्वांत ज्येष्ठ आत्या म्हणतात, की म्हणजे इतका मोलाचा होता की वापरायलासुद्धा काढला नाही, राखून ठेवला होता. पुढच्या पाहुण्यांपुढे कथा पुन्हा सुरू होते, आणि आता तिला पुराव्याचेही पाठबळ असते: डाग एरंडेलाचा असल्याचे मान्य केले जाते, लांबी मिलिमीटरांत सांगितली जाते, तुंब्यावर टॉर्चचा उजेड तिरपा पाडून अक्षरे एकेक करून दाखवली जातात. शेवटी टॉर्च 'आर. एच.' या दोन अक्षरांवर येऊन थांबतो. उजव्या हाताने फिरणारा, हा त्यांचा अर्थ त्या घरात सर्वांना ठाऊक असतो. पण पाहुणा जेव्हा आपणहून विचारतो, की ही रिश्टहोफेनच्या नावाची तर अक्षरे नव्हेत, तेव्हा त्याला दुरुस्त करण्याइतके असभ्य त्या घरात कोणीही नसते.